पिवळं फूल, पण कुठलं? गोल्डन पेंटब्रशच्या माळावर पहिल्यांदा कामाला जाताना

माळावरच्या माझ्या पहिल्या मे महिन्यात मी एका पिवळ्याधमक झुडपाचा फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली लिहिलं, ‘हेच ते दुर्मीळ फूल!’ मावशीने हात जोडलेले पाठवले, आईने तो फोटो भिशीच्या गटात पुढे ढकलला. दुपारी आमच्या गटप्रमुख बाईंना तोच फोटो दाखवला तर त्या हसत हसत खालीच बसल्या. तो स्कॉच ब्रूम होता. सकाळपासून आम्ही जे झुडूप मुळासकट उपटत होतो, तेच. मी त्याच्या एका फांदीला फूल आलेलं बघून हरखले होते.

तेव्हा गोल्डन पेंटब्रश या दुर्मीळ रानफुलाचे माळ जपायला स्वयंसेवक म्हणून जायचं, तर सुरुवात ओळखीपासूनच करू. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिएटल, टॅकोमा, ऑलिंपिया किंवा खाली पोर्टलंडकडे राहणाऱ्या, शनिवारी चार तास मोकळे असणाऱ्या आणि ‘निसर्गासाठी काहीतरी करायचंय’ असं म्हणून थांबलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहिते आहे. झाडांचं शिक्षण लागत नाही. गुडघे बरे असले की पुरे.

आधी फूल ओळखा

गोल्डन पेंटब्रश, शास्त्रीय नाव कॅस्टिलेजा लेव्हिसेक्टा. उंची जेमतेम फूटभर. एका बुंध्यातून पाच-दहा सरळ, न फांदणाऱ्या काड्या निघतात आणि प्रत्येकीचं टोक पिवळ्या रंगात बुडवून काढल्यासारखं दिसतं. आपल्याला पिवळं दिसतं ते खरं तर फूल नव्हे, फुलाखालची पानं. बोगनवेलीचंही तसंच असतं. खरी फुलं बारीक, हिरवट, त्या पिवळ्या पानांच्या आड लपलेली. पानाखोडावर चिकटसर लव असते. बहर एप्रिलपासून जूनपर्यंत, मे महिन्यात ऐन भरात.

स्कॉच ब्रूमही मे महिन्यातच फुलतो आणि तोही पिवळाच, म्हणून माझा घोळ झाला. पण ब्रूम माणसाएवढा उंच होतो, त्याची फुलं वाटाण्याच्या फुलासारखी असतात आणि तो हायवेच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल दिसतो. दुर्मीळ फूल आय-५ हायवेवरून गाडीतून दिसत नसतं, एवढी अक्कल तेव्हा मला असायला हवी होती.

दुसरा घोळ जास्त गंभीर. हार्श पेंटब्रश नावाची याची एक जवळची बहीण आहे, बहुतेक वेळा लाल-केशरी, पण कधीकधी पिवळीही. तिची रंगीत पानं खोल कातरलेली, बोटं फाकवल्यासारखी असतात. गोल्डनची बरीचशी अखंड, टोकाला गोलसर. या दोघींचा संकर होतो. काही माळांवर दोन्ही जवळजवळ आल्या आणि मधल्याच रंगाची, मधल्याच आकाराची झाडं उगवू लागली. अशी संकरित झाडं पसरली तर मूळ जात हळूहळू त्यांच्यात विरघळून जाते. म्हणून नारिंगी झाक असलेला पेंटब्रश दिसला तर ‘किती सुंदर’ म्हणा, पण लगेच गटप्रमुखालाही सांगा. स्वतः उपटू नका.

हे झाड एकटं जगत नाही

मी मूळची साताऱ्याकडची. आमचे आजोबा ज्वारीतल्या टारफुल्याला शिव्या घालत. ते इवलंसं फुलझाड ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस पितं आणि ताटं पिवळी पडतात. इथे आल्यावर कळलं की गोल्डन पेंटब्रश त्याच टारफुल्याच्या कुळातला. हाही अर्धा परजीवी आहे. पानं हिरवी, स्वतःचं अन्न स्वतः शिजवतो, पण पाणी आणि क्षार शेजाऱ्याच्या मुळांतून ओढून घेतो. फरक इतकाच, की याला पोसणारे शेजारी रोमर्स फेस्क्यू नावाचं झुबक्यांचं गवत किंवा ओरेगन सनशाइन नावाचं पांढुरक्या पानांचं पिवळं फूल असे असतात आणि त्यातून कुणाचं पीक बुडत नाही. आजोबांना सांगितलं असतं की मी टारफुल्याच्या चुलतभावाला वाचवायला सुट्टीच्या दिवशी दीड तास गाडी हाकते, तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

ही गोष्ट नवख्यांना आधीच सांगायचं कारण असं, की सगळ्या कामाचा अर्थ इथून लागतो. एकटं झाड कुंडीतून आणून माळावर खोचलं की झालं, असं होत नाही. शेजारचं गवत हवं. परागीभवनाला भुंगे हवेत, कारण हे झाड स्वतःच्याच परागाने बी धरत नाही. ऊन हवं, म्हणजे वर झाडांची सावली नको. थोडक्यात, अख्खा माळ हवा.

आणि माळच उरलेला नाही. पिजेट साउंड या समुद्राच्या खाडीच्या दक्षिणेला, ऑलिंपिया-टॅकोमाच्या आसपास, सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी वितळलेल्या हिमनदीने गोटे आणि रेती पसरली. पाऊस पडला की पाणी थेट खाली. म्हणून ज्या प्रदेशाला लोक पावसाचा म्हणून ओळखतात, तिथे उन्हाळ्यात कोरडा, करकरीत माळ तयार होतो. अधेमधे गॅरी ओक. वॉशिंग्टन राज्यातला हा एकमेव देशी ओक. जाड सालीचा, आगीला पुरून उरणारा. पण माळ माळ राहिला तो फक्त गोट्यांमुळे नव्हे. निस्क्वाली आणि इतर कोस्ट सॅलिश हे इथले मूळ रहिवासी तो ठरावीक काळाने जाळत. त्यांना कॅमसचे कंद हवे असत. निळ्या फुलांची ही वनस्पती खणून, जमिनीतल्या भट्टीत भाजून ते वर्षभराची बेगमी करत. आगीने डग्लस फर या उंच सूचिपर्णी झाडाची रोपं मरत, कॅमसला मोकळं ऊन मिळे आणि पेंटब्रशलाही. अमेरिकेच्या सरकारशी झालेल्या १८५४ च्या मेडिसिन क्रीक तहानंतर हा मुलूख त्यांच्या हातून गेला, आगी थांबल्या आणि फरचं जंगल माळावर चालून आलं. बाकीच्यावर शेतं, घरं, गोदामं उभी राहिली. पूर्वीच्या माळापैकी चांगल्या अवस्थेत उरलेला भाग आज शेकडा तीनच्या आसपास आहे.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने या फुलाचं नाव संकटग्रस्त जातींच्या यादीत घातलं, तेव्हा ते जेमतेम दहा-एक ठिकाणी उरलं होतं. दक्षिणेकडच्या शेजारच्या ओरेगन राज्यात तर १९३८ नंतर ते कुणाला दिसलंच नव्हतं. कॅनडात व्हिक्टोरियाजवळच्या दोन छोट्या बेटांवर थोडंसं तग धरून. मग बी गोळा करणं, रोपवाटिका, पेरण्या सुरू झाल्या. ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात २०१० पासून ते पुन्हा लावलं. २०१८ च्या सुमारास ४८ जागा आणि सव्वातीन लाखांच्या घरात झाडं, असा हिशेब लागला. २०२३ मध्ये यादीतून नाव काढलं.

मग आता काम कशाला? हा प्रश्न मलाही दर वर्षी कुणीतरी विचारतं. यादीतून नाव निघालं म्हणजे रुग्णालयातून घरी सोडलं. कायद्यानेच पुढची किमान पाच वर्षं लक्ष ठेवायला लागतं. आणि ब्रूमला कुठल्याही यादीशी देणंघेणं नाही.

जायचं कुठे, आणि काय न्यायचं

आधी नुसतं बघायला जा. ऑलिंपियाच्या दक्षिणेला लिटलरॉक गावाजवळ मायमा माउंड्स नावाचं राखीव क्षेत्र आहे, सिएटलहून गाडीने साधारण दीड तास. हजारो गोल उंचवटे, मधून पायवाट. एप्रिल-मेमध्ये कॅमसच्या निळाईने भरलेलं असतं. मुलांना घेऊन जायला उत्तम. फक्त मुलांनी काही खणू नये. कॅमसच्या शेजारी पांढऱ्या फुलांचा डेथ कॅमसही उगवतो आणि त्याचा कंद विषारी असतो. ग्लेशियल हेरिटेज नावाचा माळ एरवी बंद असतो, पण मे महिन्यात प्रेअरी अप्रीसिएशन डेला सगळ्यांसाठी उघडतात. उत्तरेला राहत असाल तर व्हिडबी बेटावरचं ॲडमिरल्टी इनलेट राखीव क्षेत्र बघा. तिथे समुद्राच्या कड्यावरच पेंटब्रश उभा असतो.

मग कामासाठी नाव द्यायचं. जमिनी वेगवेगळ्या मालकीच्या आहेत: राज्य सरकार, परगणा, खासगी न्यास. उरलेल्या माळाचा मोठा तुकडा तर लष्कराच्या लुइस-मॅकॉर्ड तळात आहे. तोफांच्या सरावाने तिथे अधूनमधून आगी लागत राहिल्या आणि त्यामुळेच तिथला माळ टिकला. मला ही गोष्ट अजून पचलेली नाही, पण खरी आहे. लष्कराच्या जागेत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही; न फुटलेले गोळे जमिनीत असू शकतात. बाकीच्या जागांवरही एकटं-दुकटं जाऊन ‘सेवा’ करू नका. ज्यांचा तो माळ आहे त्यांच्या कामाच्या दिवशीच जा.

सामान फार नाही. जाड हातमोजे, लांब पँट, घोट्यापर्यंतचे बूट, पाणी, टोपी, आणि जून महिना असला तरी रेनकोट. बूट घरून धुऊन, तळाची माती ब्रशने खरवडून या. हे सोवळं नाही. तुमच्या बुटाच्या खाचेत किंवा जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं तणाचं एक बी पुढच्या गटाला दहा वर्षांचं काम देऊ शकतं. कुत्रा घरी. डब्यात काहीही चालेल; आमच्या गटात माझ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आता इतरांनाही ठाऊक झाली आहे.

पहिलं काम: उपटणं

फूल लावायला आलात आणि हातात कुदळीऐवजी लोखंडी पकड दिली, की बरेचजण हिरमुसतात. पण नवख्यांच्या वर्षातले निम्मे दिवस तरी उपटण्यात जातात, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी दिवस तेच.

स्कॉच ब्रूम युरोपातून शोभेचं झुडूप म्हणून आला. आपल्याकडे घाणेरी तशीच बागेत मिरवायला आणली होती, पुढे काय झालं ते कुठल्याही डोंगरावर दिसतं. इथे रस्त्याच्या कडेचे उतार धरून ठेवायलाही ब्रूम मुद्दाम लावला. तो शेंगवर्गीय आहे, मुळांतून हवेतलं नत्र जमिनीत घालतो. शेतकऱ्याला हे ऐकून आनंद होईल, पण हा माळ भुकेला राहण्यातच त्याचं भलं आहे. जमीन सुपीक झाली की परदेशी गवतं फोफावतात आणि सवयीने उपाशी राहणारी देशी फुलं दबून जातात. वर, उन्हाळ्यात शेंगा तडतड फुटतात आणि बी दूरवर उडतं. दुपारी शांत बसलात तर आवाज ऐकू येतो, फोडणीतल्या मोहरीसारखा. ते बी जमिनीत कित्येक दशकं जिवंत राहतं.

म्हणून उपटण्याची रीत महत्त्वाची.

ओल असताना उपटा. नोव्हेंबर ते मार्च हा आपला हंगाम. माती मऊ असते, मूळ अखंड येतं. कोरड्या मातीत मूळ तुटतं आणि उरलेल्या तुकड्यातून नवे फुटवे येतात. बोटाएवढ्या जाडीची रोपं हाताने निघतात. मनगटाकडे झुकणाऱ्यांसाठी वीड रेंच: बुंधा जबड्यात पकडायचा आणि दांडा पाठीमागे दाबायचा. जोर हाताने लावू नका, शरीराचं वजन टाका. पहिल्या दिवशी मी हाताने जोर लावला आणि दुसऱ्या दिवशी मला पोळ्या लाटता आल्या नाहीत.

उपटल्यावर खड्डा तसाच सोडायचा नाही. माती पायाने परत दाबा. हलवलेल्या, उघड्या मातीत झोपलेलं ब्रूमचं बी जागं होतं. हे कुणी सांगितलं नाही तर नवखा माणूस दिवसभर राबून पुढच्या वर्षीच्या ब्रूमसाठी वाफे तयार करून जातो.

जुने, राखाडी बुंध्याचे, दोन इंचांहून जाड ब्रूम उपटायच्या फंदात पडू नका. ते ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत जमिनीलगत कापतात. तहानलेलं, म्हातारं झाड सहसा पुन्हा फुटत नाही. ओल्यात उपटा, कोरड्यात कापा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि जे ओळखू येत नाही ते उपटू नका. ल्युपिन हीसुद्धा शेंगवर्गीय, पण इथली देशी, आणि माळाला हवीहवीशी. तिच्या पंजासारख्या पानांची एकदा ओळख झाली की चूक होत नाही, होईपर्यंत विचारा. विचारायला लाजणारा स्वयंसेवक माळाला महाग पडतो.

ब्रूमनंतर डग्लस फर. इथे आपल्या मनाला खरा झटका बसतो. आपण ‘झाडे लावा, झाडे जगवा’ शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो, आणि इथे पर्यावरणवाले लोक हाताने फरची रोपं कापायला सांगतात. मला पहिल्यांदा पाप केल्यासारखं वाटलं. पण सोलापूर-नगरकडे माळढोकाच्या माळाला ‘पडीक’ म्हणून नोंदवून तिथे झाडं लावण्याने त्या पक्ष्याचं काय झालं ते आपल्याला माहीत असायला हवं. फरला जंगलं भरपूर आहेत. पेंटब्रशला दुसरीकडे कुठे जागा नाही.

तणनाशकाचंही सांगून टाकते, कारण सेंद्रिय शेतीवर प्रेम असणारे लोक ते कळल्यावर दुखावतात. उंच ओटग्रास नावाचं परदेशी गवत हाताने आवरत नाही. काही माळांवर फक्त गवतावर चालणारं औषध नेमून फवारतात. ते परवानाधारक लोक करतात, आपलं काम नाही. पटलं नाही तर त्या दिवशी येऊ नका, पण ब्रूमच्या दिवशी या.

पाय जपून

वसंतात माळावर रेघेत चाला, एकामागे एक. स्ट्रीक्ड हॉर्न्ड लार्क नावाचा चंडोलाच्या जातीचा पक्षी उघड्या जमिनीवर घरटं करतो. अंडी मातीच्याच रंगाची. जमिनीखाली मझामा पॉकेट गोफरची बिळं असतात, पाय आत जातो. आणि पेंटब्रशच्या पानांवर कधी काळ्या काटेरी अळ्या दिसल्या तर किडे म्हणून झटकू नका. ती टेलर्स चेकरस्पॉट या संकटात असलेल्या फुलपाखराची पिल्लं असू शकतात. ती हेच पान खातात. झाड वाचवायचं आणि मग त्याची पानं अळ्यांना खाऊ घालायची, असा हा कारभार आहे.

मोजणी

मे-जूनमधलं हे काम मला सगळ्यात आवडतं. दोन माणसं दोरी धरतात, बाकीचे पट्ट्यापट्ट्याने पुढे सरकतात, प्रत्येक फुललेल्या झाडापाशी छोटं निशाण टोचतात आणि मग कुणीतरी निशाणं मोजतं. सोपं वाटतं, पण एका बुंध्यातून दहा काड्या असतील तर ते एक झाड की दहा? दोन बुंधे चिकटून असतील तर? याचा नियम प्रत्येक जागेचा ठरलेला असतो. तुमचा तर्क चांगला असला तरी तो घरी ठेवा आणि गटप्रमुख सांगेल तसंच मोजा. दर वर्षी नियम तोच राहिला तरच गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता येते.

आकडा कमी आला म्हणून रडायचं नाही. हे झाड सहसा पाच-सहा वर्षं जगतं, काही वर्षी फुलत नाही, कधी व्होल नावाचे रानउंदीर मुळं कुरतडतात, बेटांवर हरणं आणि ससे शेंडे खाऊन टाकतात. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा पाच वर्षांचा कल बोलतो.

बी गोळा करणं

जुलैच्या सुमाराला बोंडं तपकिरी होतात आणि टोकाशी उघडतात. काडी वाकवून कागदी पिशवीत हलकेच झटकली की बी खाली पडतं. बारीक, खसखशीच्या मापाचं, वर मधाच्या पोळ्यासारखी जाळी. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत ओल धरून बुरशी येते. पिशवीवर जागा आणि तारीख लगेच लिहा. घरी गेल्यावर लिहू म्हणालात तर ते बी कचऱ्यातच जमा, कारण कुठल्या माळाचं ते कळल्याशिवाय ते कुठेच पेरता येत नाही.

एका झाडाचं सगळं बी घेत नाहीत, पुष्कळ झाडांचं थोडंथोडं घेतात. आणि नेमलेल्या दिवसाखेरीज, नेमलेल्या माणसांखेरीज कुणीच घेत नाही. ‘आईच्या परसात लावायला चिमूटभर’ सुद्धा नाही. रोपटं विमानाने घेऊन जाण्याचा विचार तर मनातही आणू नका.

आता माळावर जाणारं बरंचसं बी रोपवाटिकांच्या गादीवाफ्यांवर वाढवलेल्या झाडांचं असतं. वॉशिंग्टनमध्ये यातलं काही काम तुरुंगांत झालं आहे. एव्हरग्रीन स्टेट कॉलेज आणि राज्याचा तुरुंग विभाग यांच्या भागीदारीत कैद्यांनी माळावरच्या देशी फुलांची रोपं हजारोंनी वाढवली आणि महिलांच्या एका तुरुंगात तर त्या चेकरस्पॉटच्या अळ्याही पाळल्या. रोपांच्या ट्रेवरची चिठ्ठी वाचताना मला हे आठवतं आणि रोप जरा जास्त जपून बाहेर काढलं जातं.

आग

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पेंटब्रश बी टाकून जमिनीवरून दिसेनासा झाल्यावर, माळाचे तुकडे ठरवून जाळतात. वाळकं गवत, शेवाळाची गादी, ब्रूमची रोपं जळतात आणि उघडी माती मिळते. कोकणात, मावळात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, तो डोळ्यांसमोर आणा. तिथेही तणाचं बी मारून जमीन रोपासाठी मोकळी करायचीच असते. मोकाट वणवा आणि भाजलेला राब यांत जो फरक, तोच इथे.

नवख्याने आगीच्या रेषेवर जायचं नाही. तिथली माणसं प्रशिक्षण घेतलेली असतात. वणवा विझवणाऱ्यांची जी ठरलेली चाचणी आहे, तिच्यात पाठीवर २० किलोचं ओझं घेऊन तीन मैल ४५ मिनिटांत चालून दाखवावं लागतं, धावायचं नाही. हौस असेल तर वर्षभर तयारी करा. माझी हौस धूर दिसेल इतक्या अंतरावरून फोटो काढण्याइतकी आहे.

पेरणी

आग होऊन गेली आणि पहिला पाऊस पडला की पेरणीचे दिवस. ऑक्टोबर-नोव्हेंबर. सुरुवातीच्या वर्षांत रोपं लावण्यावर भर होता, पण थेट पेरणीच स्वस्त पडते आणि मोठ्या जागेवर चांगली साधते, हे अनुभवाने कळलं. हे बी थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाही, त्याला काही आठवडे ओली थंडी लागते. म्हणून शरदात पेरून हिवाळ्यावर सोपवायचं.

बी इतकं बारीक की हातातून एकाच जागी पडतं. म्हणून भाताच्या तुसात किंवा व्हर्मिक्युलाइट नावाच्या हलक्या खनिज दाण्यांत मिसळतात, मग फेकलेलं कुठे पडलं ते दिसतंही. सोबत ओरेगन सनशाइन, फेस्क्यू, कॅमस आणि इतर देशी फुलांचं बी असतं. मघाशी म्हटलं तसं, शेजार हवा. आपला हिस्सा दोन भागांत करा. पहिला भाग उत्तर-दक्षिण चालत फेका, दुसरा पूर्व-पश्चिम. जोंधळा फेकून पेरणारे पाहिले असतील तर मनगटाचा तो झटका आठवा. बी मातीत गाडायचं नाही. वरच टाका आणि त्यावरून चालत जा, पावलांनी दाबलं जाईल. वर्षभर जपून पाऊल टाकायला सांगितल्यावर इथे मनसोक्त तुडवायची मुभा आहे. मुलांना हे काम फार आवडतं.

रोपं लावायची असतील तर तीही याच दिवसांत. खड्डा रोपाच्या मुळापुरताच, कुंडीची माती उघडी राहणार नाही इतका खोल, आणि शक्य तिथे जुन्या फेस्क्यूच्या झुबक्यापासून वीतभर अंतरावर. खत घालायचं नाही. खत घालू का, असं आपल्यापैकी प्रत्येकजण एकदा तरी विचारतोच.

घरच्या अंगणात

गोल्डन पेंटब्रश घरी लावू नका, असं मी सांगते. रोपवाटिकेतून आणलेला ‘पेंटब्रश’ बऱ्याचदा दुसऱ्याच जातीचा निघतो आणि संकराची भानगड वर सांगितलीच. त्याऐवजी देशी रोपवाटिकेतून कॅमस, ओरेगन सनशाइन आणि रोमर्स फेस्क्यू आणा. उन्हाची, निचऱ्याची जागा, शून्य खत. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी, पुढे तेही नको. भुंगे आपोआप येतात. घरमालक संघटनेच्या लोकांना मात्र आधी विचारून घ्या; आमच्या गल्लीत एका घरासमोरचं फेस्क्यू दोनदा तण म्हणून कापलं गेलं.

पेरल्यानंतर

पहिल्या मार्चमध्ये जाल तेव्हा उभं राहून काही दिसणार नाही. गुडघ्यावर बसा, तळहात जमिनीला टेकवा आणि नजर हाताच्या उंचीवर आणा. दोन इवल्या दलांमधून लवदार, अरुंद, कधी तांबूस झाक असलेली पानं वर येत असतात. उंची नखाएवढी. पहिल्या वर्षी बहुतेक फुलत नाहीत, दुसऱ्या वर्षी थोडी फुलतात. त्या रोपांभोवती रंगीत काड्या खोचलेल्या दिसतील. त्यांतली एखादी वाकडी वाटली तरी सरळ करू नका. कुणीतरी नेमकं त्याच जागी मोजून खोचलेली असते.

आणि वाटेत बोटभर उंचीचा ब्रूम दिसलाच, तर माती ओली आहे तोवर उपटून घ्या.